लाईव्हवरचा बाजार

इंटरनेटवरून केलेल्या थेट प्रक्षेपणात, म्हणजे सगळे ज्याला ‘लाईव्ह’ म्हणतात त्यात, आणि आधी तयार करून ठेवलेल्या जाहिरातीत मुख्य फरक एकच आहे. लाईव्ह पाहणाऱ्याला मध्येच बोलता येते. विक्रेता वस्तू दाखवत असतानाच गिऱ्हाईक खाली कॉमेंट लिहिते, भाव विचारते, वस्तू उलटी करून दाखवायला सांगते आणि पटली तर त्याच बैठकीत घेऊनही टाकते. तयार जाहिरातीत विक्रेत्याला हवे तेवढेच दिसते. लाईव्हवर गिऱ्हाइकाला जे पाहायचे असते ते दाखवावे लागते, आणि दाखवायचे टाळले तर तेही सगळ्यांना दिसते. कोणता माल लाईव्हवर खपतो, कोणता पडून राहतो आणि फसवणूक कोणत्या फटीतून आत येते, हे बरेचसे या एका गोष्टीवरून ठरते.

पडद्यावरून माल विकण्याची कल्पना इंटरनेटपेक्षा जुनी आहे. १९७७ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात एका रेडिओ केंद्राच्या जाहिरातदाराकडे बिल चुकते करायला पैसे नव्हते. पैशांच्या बदल्यात त्याने डबे उघडण्याची ११२ उपकरणे आणून दिली. बॉब सर्कोस्टा या निवेदकाने ती कार्यक्रमातच प्रत्येकी ९.९५ डॉलरला विकायला काढली आणि बघता बघता ती संपली. केंद्राच्या मालकांनी यातून धडा घेतला. पुढे ‘होम शॉपिंग नेटवर्क’ ही वाहिनी उभी राहिली आणि १९८६ मध्ये ‘क्यूव्हीसी’ ही तिची मोठी स्पर्धक आली. भारतात २००८ मध्ये ‘होमशॉप१८’ सुरू झाले आणि मिक्सरपासून दागिन्यांपर्यंत सगळे टीव्हीवर विकले जाऊ लागले. पण वाहिनी चालवायला स्टुडिओ, कॅमेरे आणि प्रक्षेपणाचा मोठा खर्च लागे, त्यामुळे छोट्या दुकानदाराला तिथे जागा नव्हती. पाहणारे फोन करून मागणी नोंदवत, मात्र ‘जरा जवळून दाखवा’ असे म्हणण्याची संधी त्यांच्यापैकी फारच थोड्यांना मिळे.

हा खर्च मोबाईलने काढून टाकला. यूट्यूबने थेट प्रक्षेपणाची सोय २०११ मध्ये आणली. २०१५ मध्ये ‘मीरकॅट’ आणि ‘पेरिस्कोप’ या ॲपमुळे खिशातल्या फोनवरून लाईव्ह जाणे शक्य झाले. ही दोन्ही ॲप पुढे बंद पडली, पण तोवर फेसबुकने २०१६ मध्ये लाईव्ह सर्वांसाठी खुले केले होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ आल्याने भारतात डेटा स्वस्त झाला आणि यूपीआयही त्याच वर्षी सुरू झाले. दाखवायला फोन, पाहायला स्वस्त नेट आणि पैसे घ्यायला यूपीआय ही तीन साधने एकाच वर्षी जवळ आली. लाईव्ह विक्रीच्या भारतातल्या इतिहासात २०१६ ला महत्त्व आहे ते यामुळे. त्या वेळी कोणी तसा विचार केला असेल असे मात्र दिसत नाही.

चीनमध्ये तो विचार झाला होता. अलिबाबा कंपनीने २०१६ मध्येच आपल्या बाजारात ‘ताओबाओ लाईव्ह’ सुरू केले. प्रेक्षक, माल, पैसे आणि घरपोच सेवा हे सगळे एकाच ॲपमध्ये होते, त्यामुळे पाहणे आणि घेणे यांत अंतर उरले नाही. ली जियाची हा तरुण आधी नानचांग शहरातल्या एका दुकानात ‘लॉरियाल’च्या काउंटरवर सौंदर्यप्रसाधने विकायचा. लिपस्टिकच्या छटा तो स्वतःच्या ओठांवर लावून दाखवू लागला. पुरुषाने लिपस्टिक लावावी याचे कुतूहल होतेच, पण विक्रीचे खरे कारण साधे होते. डबीतली छटा आणि ओठांवरची छटा वेगळी दिसते, ही बायकांची जुनी अडचण त्याने समोर बसून सोडवली. पाच मिनिटांत १५,००० लिपस्टिक विकल्याचा त्याचा किस्सा जगभर छापून आला. त्याच्या तोडीस तोड असलेल्या वेइया या विक्रेतीने एप्रिल २०२० मध्ये चार कोटी युआनला रॉकेटचे उड्डाण विकून दाखवले. ती गंमत जास्त आणि धंदा कमी होता, पण प्रसिद्धी मात्र खरी झाली.

कोरोनाकाळात चीनच्या खेड्यांतले संत्री, चहा आणि अळंबी पिकवणारे शेतकरीही फोनसमोर उभे राहिले. माल पडून राहू नये म्हणून काही ठिकाणी स्थानिक अधिकारी स्वतः कॅमेऱ्यापुढे बसून फळे खाऊन दाखवत. या साऱ्यात सर्वांत बोलकी गोष्ट ‘न्यू ओरिएंटल’ या शिकवणी वर्गांच्या कंपनीची आहे. जुलै २०२१ मध्ये चिनी सरकारने शालेय विषयांच्या नफ्यासाठी चालणाऱ्या शिकवण्यांवर बंदी आणली आणि कंपनीचा मुख्य धंदाच गेला. डिसेंबरमध्ये तिने शेतमालाची लाईव्ह विक्री सुरू केली आणि विक्रेते म्हणून आपलेच शिक्षक बसवले. सुरुवातीचे महिने थंडच गेले. मग जून २०२२ मध्ये दोंग युहुई हा इंग्रजीचा माजी शिक्षक एकदम गाजला. तो तांदूळ विकताना शेजारच्या फळ्यावर इंग्रजी शब्द लिही, गावाकडच्या शेतीबद्दल बोले, इतिहास सांगे. लोक त्याला ऐकायला येत आणि जाताना तांदूळ घेत. माल तोच आणि भावही फारसा कमी नव्हता, पण तास-दोन तास कोणाला ऐकत बसावेसे वाटते यावरच सारे अवलंबून होते. २०२३ अखेरीस चीनमध्ये लाईव्ह पाहून खरेदी करणाऱ्यांची संख्या सुमारे ६० कोटी होती.

मोठ्या कंपन्यांना हे यश चीनबाहेर तसेच्या तसे उभे करता आले नाही. फेसबुकने लाईव्ह खरेदीची खास सोय १ ऑक्टोबर २०२२ पासून बंद केली आणि इन्स्टाग्रामने मार्च २०२३ मध्ये. दोघांचेही लक्ष तोवर रील्सकडे वळले होते. यूट्यूबने २०२१ मध्ये विकत घेतलेले ‘सिमसिम’ हे भारतीय व्हिडिओ-खरेदी ॲपही २०२३ मध्ये गुंडाळले गेले. या बातम्या वाचून लाईव्ह विक्रीचे दिवस भरले असे अनेकांनी ठरवून टाकले. ते चूक होते. बंद झाले ते कंपन्यांचे बटण. लाईव्ह प्रक्षेपण चालूच राहिले, आणि ज्यांनी ते बटण कधी वापरलेच नव्हते त्यांच्या धंद्यात काहीही खंड पडला नाही.

महाराष्ट्रातल्या साड्यांच्या लाईव्हकडे पाहिले की हे लगेच कळते. दुपारची कामे उरकल्यावर किंवा रात्री नऊच्या सुमारास फेसबुक उघडले तर कुठे ना कुठे कोणीतरी ताई साडी उलगडून दाखवत असते. दुकान म्हणजे बहुधा घराचीच खोली. स्टँडवर मोबाईल, समोर रिंगलाइट, मागे साड्यांचा रॅक आणि बाजूला कॉमेंट वाचून सांगणारी बहीण, जाऊ किंवा मुलगी. प्रत्येक साडीला नंबरची चिठ्ठी असते. साडी आवडली की पडद्याचा स्क्रीनशॉट काढायचा, व्हॉट्सॲपवर पाठवायचा, ‘बुक’ झाल्याचा निरोप आला की यूपीआयने पैसे भरायचे आणि पत्ता द्यायचा. साडी कुरिअरने येते. ‘सिंगल पीस’ असेल तर ज्याचा स्क्रीनशॉट आधी पोहोचला त्याची साडी. या सगळ्या साखळीत कोणत्याही कंपनीने खास विक्रीसाठी बनवलेले काही नाही. फेसबुक, व्हॉट्सॲप आणि यूपीआय ही तीन वेगवेगळी साधने बायकांनी आपापल्या सोयीने एकत्र जोडली. दुकानाचे भाडे नाही, पागडी नाही, आणि काही जणींचा तर मालही स्वतःचा नसतो. व्यापाऱ्याकडून नमुने आणायचे, दाखवायचे आणि विकल्या जातील तेवढ्याचे पैसे चुकते करायचे.

पैठणी हे या बाजाराचे उत्तम उदाहरण आहे, कारण तिच्याबद्दल शंकाही जास्त आणि किंमतही जास्त. येवल्याची हातमागावरची पैठणी, यंत्रमागावरची आणि सेमी पैठणी या फोटोत सारख्याच दिसू शकतात. भावात मात्र कित्येक पटींचा फरक असतो. हातमागावर पदरावरचा मोर किंवा मुनिया रंगीत धागे एकमेकांत गुंतवून विणतात. त्यामुळे अस्सल पदर पुढून आणि मागून जवळजवळ सारखाच सफाईदार दिसतो. यंत्रावर विणलेल्या नक्षीच्या मागे धागे लोंबताना किंवा कापलेले दिसतात. म्हणून जाणकार बाई कॉमेंटमध्ये पहिल्यांदा लिहिते, ‘ताई, पदराची उलटी बाजू दाखवा.’ छापील जाहिरातीला हे सांगता येत नाही. विक्रेतीने पदर उलटला की विश्वास बसतो आणि टाळाटाळ केली की पाहणाऱ्या इतर बायकाही सावध होतात. एका गिऱ्हाइकाच्या प्रश्नाचे उत्तर शंभर गिऱ्हाइकांना आपोआप मिळते. लाईव्हच्या जाहिरातमूल्याचा गाभा हाच आहे.

परदेशातल्या मराठी घरांनाही याचा उपयोग झाला. रात्री नऊचे लाईव्ह न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळी साडेअकराला आणि लंडनमध्ये दुपारी साडेचारला दिसते. मुंजीची किंवा डोहाळजेवणाची साडी निवडण्यासाठी भारतात येईपर्यंत थांबावे लागत नाही. साडी माहेरच्या पत्त्यावर जाते आणि पुढे येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर सुटकेसमधून प्रवास करते.

प्रश्नाला तिथल्या तिथे उत्तर देण्याचा हा नियम इतर धंद्यांनाही लावून पाहता येतो. घेण्याआधी ज्याबद्दल चार प्रश्न पडतात तो माल लाईव्हवर चालतो. आंब्याची पेटी उघडून फळ कापून दाखवणे, लाकडी घाण्यावर तेल निघताना दाखवणे, जुन्या गाडीचे इंजिन चालू करून आवाज ऐकवणे, रोपवाटिकेत कलमाचा जोड जवळून दाखवणे, ठिबकची जोडणी करून दाखवणे. याउलट दुकानात बंद पाकिटात मिळणारा साबण किंवा चहा याबद्दल विचारण्यासारखे काही नसते. तिथे लाईव्हवर फक्त सवलत विकली जाते आणि सवलत संपली की प्रेक्षकही जातात. काही व्यवसायांनी मात्र जपून राहावे. वकील, डॉक्टर आणि सनदी लेखापाल यांच्या व्यवसायसंहितांमध्ये जाहिरातीवर बंधने आहेत. लोकांना माहिती देणे आणि आपल्याकडे अशिलांना किंवा रुग्णांना ओढणे यांतली रेष लाईव्हच्या गप्पांत सहज ओलांडली जाते.

मोठ्या कंपन्यांच्या ‘थेट’ समारंभांबद्दल इथे एक नोंद करायला हवी. ॲपलसारखी कंपनी २०२० पासून आपल्या नव्या वस्तूंचे अनावरण बहुतांशी आधी चित्रित करून ठरलेल्या वेळी दाखवते. चित्र देखणे असते, चूक होत नाही आणि त्या कंपनीला ते परवडते, कारण लोक तिला प्रश्न विचारायला आलेले नसतात. छोट्या विक्रेत्याने ही नक्कल करू नये. अडखळणे, घडी चुकणे, मध्येच दारावरची बेल वाजणे याला लाईव्हवर कोणी नाके मुरडत नाही. उत्तर न मिळाल्याचा राग मात्र लगेच येतो.

तंत्राची बाजू फार अवघड नाही, पण काही गोष्टी आधी ठाऊक असाव्यात. फोनने टिपलेले चित्र आधी कंपनीच्या सर्व्हरवर चढते. तिथे त्याचे लहान तुकडे होतात, वेगवेगळ्या दर्जाच्या प्रती तयार होतात आणि मग ते पाहणाऱ्यांपर्यंत पोहोचतात. यात काही सेकंद, कधी अर्ध्या मिनिटापर्यंत वेळ जातो. म्हणून ‘कोणाला हवी आहे?’ असे विचारून लगेच ‘कोणालाच नको वाटते’ म्हणणारा विक्रेता हकनाक गिऱ्हाईक घालवतो, कारण प्रश्न अजून तिथवर पोचलेलाच नसतो. दुसरी गोष्ट अपलोडच्या वेगाची. इंटरनेटच्या जाहिरातीतला वेग बहुधा डाउनलोडचा असतो, तर लाईव्ह चालते अपलोडवर. ७२०पी दर्जाच्या चित्राला साधारण चार एमबीपीएस अपलोड धरला, तर तासाभरात सुमारे १.८ जीबी डेटा जातो. रोज दीड जीबीच्या प्लॅनवर तासाचे लाईव्ह पुरे होणार नाही. गंभीर धंदा करायचा तर ब्रॉडबँड घ्यावा आणि मोबाईलचे नेट अडीअडचणीसाठी ठेवावे.

चित्रापेक्षा आवाज महत्त्वाचा. अंधुक चित्र लोक चालवून घेतात, पण पंख्याचा घरघराट आला की निघून जातात. कॉलरला लावायचा साधा माइक हा पहिला खर्च असावा, रिंगलाइट दुसरा. आणि त्या दिव्याबाबत कपड्याच्या विक्रेत्याने विशेष जपावे. पिवळट प्रकाशात डाळिंबी रंग विटकरी दिसतो आणि साडी हातात पडल्यावर भांडण होते. म्हणून निदान एकदा तरी कापड खिडकीच्या उजेडात नेऊन दाखवावे. मागे सिनेमाचे गाणे लावू नये. हक्क असलेले संगीत यंत्रणा आपोआप ओळखते आणि आवाज बंद करते किंवा प्रक्षेपणच थांबवते. यूट्यूबवर मोबाईलवरून लाईव्ह जाण्यासाठी किमान ५० सबस्क्रायबर लागतात. फेसबुकने फेब्रुवारी २०२५ पासून जुनी लाईव्ह ३० दिवसांनंतर काढून टाकण्याचे धोरण आणले आहे, तेव्हा चांगले प्रक्षेपण वेळेत उतरवून ठेवावे. त्याचेच पाच-सहा तुकडे कापून रील करता येतात, आणि अनेकदा नवे गिऱ्हाईक त्या तुकड्यांवरूनच पुढच्या लाईव्हला येते.

यश मोजताना पाहणाऱ्यांच्या आकड्याला नवशिके भुलतात. हजार जण वरवर डोकावून गेले यापेक्षा तीस जण अर्धा तास बसले हे धंद्याला उपयोगाचे. प्रश्न किती आले, स्क्रीनशॉट किती आले, पैसे किती जणांनी भरले आणि त्यातल्या किती जणी पुढच्या महिन्यात परत आल्या, एवढे वहीत लिहिले तरी पुरते. ठरलेला वार आणि ठरलेली वेळ न चुकता पाळली की प्रेक्षक जमायला लागतात. मनात येईल तेव्हा लाईव्ह जाणाऱ्यांकडे ते फिरकत नाहीत.

आता काळजीची बाजू. लाईव्हमध्ये गिऱ्हाईक माणसावर विश्वास ठेवून घेते आणि घाईत घेते, आणि या दोन्हींचा गैरफायदा घेता येतो. ‘शेवटचे दोनच पीस’ म्हणून तीच साडी पुढच्या आठवड्यात पुन्हा काढणारे विक्रेते आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये अशा १३ फसव्या क्लृप्त्यांची यादी आहे आणि खोटी घाई निर्माण करणे ही त्यात पहिली आहे. जानेवारी २०२३ च्या सूचनांनुसार, पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन दुसऱ्याच्या मालाची शिफारस करणाऱ्याने ते स्पष्ट सांगितले पाहिजे, आणि लाईव्हमध्ये ही सूचना सतत व ठळकपणे दिसली पाहिजे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

घरगुती लाईव्हवर ‘नो रिटर्न, नो एक्सचेंज’ आणि ‘पार्सल उघडतानाचा व्हिडिओ असल्याशिवाय तक्रार घेणार नाही’ अशा अटी सर्रास ऐकू येतात. व्हिडिओची अट विक्रेत्याच्या दृष्टीने समजण्यासारखी आहे, कारण फसवणारी गिऱ्हाइकेही असतात. पण सदोष माल परत घ्यायलाच नकार देणे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली अनुचित व्यापारी प्रथेत मोडते. बिलावर मुदत दिलेली नसेल तर ती ३० दिवसांची धरली जाते. बिल न देणे हीदेखील अनुचित प्रथाच. बिलाचा प्रश्न आला की कर येतो. ‘आमचे काय, घरातला धंदा’ असे म्हणून जीएसटीकडे दुर्लक्ष करणाऱ्यांनी वेइयाचे पुढे काय झाले ते पाहावे. डिसेंबर २०२१ मध्ये हांगचौच्या कर खात्याने तिच्याकडून थकबाकी, व्याज आणि दंड मिळून १३४ कोटी युआन मागितले आणि चीनमधल्या सर्वांत मोठ्या विक्रेतीची खाती रातोरात पडद्यावरून नाहीशी झाली. लोणची-मसाले-फराळ विकणाऱ्यांना एफएसएसएआयची नोंदणीही लागते, मग दुकान असो की स्वयंपाकघर.

माणसावर उभा राहिलेला धंदा त्या माणसाच्या जिभेमुळे पडूही शकतो. सप्टेंबर २०२३ मध्ये ७९ युआनची भुवयांची पेन्सिल महाग वाटते, असे एका प्रेक्षकाने लिहिले. तेव्हा ली जियाचीने उलट विचारले, इतक्या वर्षांत पगार वाढला नसेल तर तुम्ही नीट कष्ट केले का? लाखो चाहते बिथरले आणि त्याला रडत माफी मागावी लागली. ज्या गिऱ्हाइकांनी त्याला मोठे केले त्यांचीच लायकी त्याने काढली होती. भावाबद्दलची कुरकुर शांतपणे ऐकणे हे दुकानदारीचे सर्वांत जुने कौशल्य आहे आणि लाईव्हवर त्याची गरज जास्तच आहे, कारण उत्तर एकाला दिलेले असले तरी ऐकतात सगळे.

लाईव्हवरून घेणाऱ्यांनी नव्या विक्रेत्याकडे पहिली खरेदी लहान रकमेची करावी, स्क्रीनशॉट आणि पैसे भरल्याची पावती जपून ठेवावी, रेशीम म्हणून घेत असतील तर सिल्क मार्कचे लेबल कॅमेऱ्यासमोर दाखवायला सांगावे आणि बिल मागावे. पैसे घेऊन माल आला नाही किंवा सदोष माल परत घेतला जात नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.